हळू बोलायचा वर्ग

सूतगिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली. यंत्रं विकली गेली, पत्रे विकले गेले, छपरावरचा भोंगासुद्धा भंगारवाल्याने उचलून नेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मात्र लोक अजून भोंगाबाईच म्हणतात, आणि त्यांची त्याला काही हरकत नाही. एखादा नवा भाडेकरू त्यांना काकू म्हणतो, पण तो आठवडाभरात आपणहून सुधारतो. भोंगाबाई दार उघडून शेजारणीला ‘दूध आलं का गं’ असं विचारतात तेव्हा ‘आलं’ हे उत्तर समोरच्या इमारतीतून येतं.

हा आवाज जन्माचा नव्हे, कमावलेला. गिरणीत लागल्या तेव्हा भोंगाबाई चारचौघींसारख्या हळूच बोलायच्या. पण जिथे शेकडो चात्या एकदम गरगरत असतात तिथे हळू बोलणारीचं ऐकणार कोण? काही दिवस त्या गप्प राहिल्या, मग ओरडायला शिकल्या, आणि पुढे सारं आयुष्य ओरडत ओरडत तुटलेलं सूत सांधत राहिल्या. एकदा एका मैत्रिणीला तिच्या नवऱ्याच्या बाहेरच्या भानगडीची बातमी त्यांनी कानाशी लागून, म्हणजे बेंबीच्या देठापासून, सांगितली. नेमकी त्याच क्षणी वीज गेली, यंत्रं थांबली आणि ती भानगड अख्ख्या खात्याची झाली. भोंगाबाईंचा नवराही गिरणीतलाच होता, अर्धा बहिरा. त्यामुळे संसार बरोबरीचा झाला.

अशा घरातला मुलगा एक तर भोंगा होतो, नाहीतर मांजर. यांचा मांजर झाला. तो एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसतो. समोरचा माणूस आई-बहिणीवरून उद्धार करत असताना ‘आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असं म्हणत राहण्याचा त्याला पगार मिळतो. ती सवय तो घरीही घेऊन येतो. बायकोवर चिडला की तो तिला एकदम अहो-जाहो करायला लागतो. ‘आपण मीठ घालायला विसरलात बहुतेक,’ एवढं तो म्हणाला की समजावं, आज घरात आग लागली आहे.

सूनही त्याच मापाची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, लोकांच्या हातातून रक्त काढते. ‘जरासुद्धा दुखणार नाही हं,’ असं ती इतक्या मऊ आवाजात म्हणते की माणूस विरघळतो, आणि तो विरघळायच्या आत सुई शिरलेली असते. या दोघांचं जमलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, काय गोड जोडपं आहे. खरंच गोड. भांडतात तेव्हा तर मुंग्या लागतील इतकं गोड.

या तिघांच्या मधोमध भिंगरी. वय चारला टेकलेलं. नाव पाडलं तेव्हा ती दिवसभर स्वतःभोवती गरागरा फिरायची आणि धपकन पडून हसायची. आजीने खिडकीतून ‘अगं भिंगरे’ अशी आरोळी ठोकली की पटांगणातली सगळी मुलं कानांवर हात ठेवायची आणि ही एकटी दोन्ही हात वर करून ‘ओ’ म्हणायची.

मग मागचा हिवाळा आला. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं. काय ते भोंगाबाईंना आजतागायत नीट कळलेलं नाही, कारण सगळी बोलणी स्वयंपाकघराचं दार लावून, नळ सोडून झाली. त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. खाली एक टॅक्सी उभी राहिली, तिच्यात सून बसली आणि पाठोपाठ भिंगरी. पोरीच्या पायात बूट होते आणि घाईत ते उलटसुलट चढवलेले होते. भोंगाबाईंनी वरून आरोळी दिली, पण टॅक्सीची काच बंद होती. सून माहेरी गेली ती थंडी सरल्यावर परत आली. परतल्यावर कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. सुशिक्षित घर.

भिंगरीलाही कोणी काही सांगितलं नाही. तिने विचारलं नसेल असं मात्र नाही.

परत आल्यावर सुनेने मुलीच्या भल्याचं मनावर घेतलं. कोपऱ्यावरच्या बालवाडीत नाव घातलं. तिथे एक कार्यक्रम सुरू झाला होता, ‘शांत घर, हसरं मूल’. लहान मुलांना विषारी ताणापासून कसं वाचवायचं ते त्यात मोठ्यांना शिकवणार होते. दिवसभर मुलाला जो सांभाळतो त्याने वर्गाला बसायचं, मग घरी भेटी होणार, शेवटी परीक्षक येणार आणि प्रमाणपत्र मिळणार.

सुनेने माहितीपत्रक वाचून टेबलावर ठेवलं आणि तिच्या सुईच्या आवाजात म्हणाली, “आई, यात लिहिलंय की मोठे आवाज मुलांच्या मेंदूला चांगले नसतात.”

“कोणाच्या मोठ्या आवाजाबद्दल लिहिलंय?” भोंगाबाईंनी विचारलं. कपाटावरचा पेला थरथरला.

“कोणाचं नाव नाही लिहिलेलं, आई. पण तुम्ही हा वर्ग करा. प्रमाणपत्र मिळालं तर बालवाडी सुटल्यावर भिंगरी तुमच्याकडेच राहील. नाहीतर माझ्या आईच्या शेजारी एक पाळणाघर आहे, तिथे घालते. शांत आहे. जराही त्रास होणार नाही तिला.”

जराही दुखणार नाही, असंच भोंगाबाईंना ऐकू आलं. सुई आत गेलेली होती. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, “आई, तिच्या बोलण्यात तथ्य आहे.” घरातही तथ्य वगैरे म्हणणारा मुलगा. भोंगाबाई वर्गाला गेल्या. पोरगी हातची जाणार असेल तर त्या तोंडाला टाके घालून घ्यायलाही तयार होत्या.

वर्ग बालवाडीच्याच खोलीत भरला, बालवाडीच्याच खुर्च्यांवर. आज्या, मावश्या, दोन आजोबा आणि एक कंटाळलेला बाप, सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. मुख्य कार्यालयातून एक डॉक्टर आले होते. त्यांनी भिंतीवर दोन मेंदू दाखवले. एक उजळ, एक काळपट.

“हा शांत घरातला मेंदू. हा गोंगाटातल्या घरातला.”

“हा दुसरा माणूस जिवंत आहे का अजून?” भोंगाबाईंनी विचारलं.

“आजी, हे नुसतं चित्र आहे.”

“नाही, माझ्या मुलाचाच असेल तर म्हटलं विचारून घ्यावं.”

डॉक्टरांच्या हातात माइक होता. वीसेक माणसांच्या खोलीत माइक कशाला हवा होता हे तेच जाणोत. पण मुख्य कार्यालयाने दिलेला माइक वापरला नाही तर मुख्य कार्यालयाच्या मेंदूला ताण येत असावा. माइक मध्येच किंचाळला आणि शेजारच्या खोलीतली सगळी मुलं एका सुरात रडायला लागली. डॉक्टरांनी शिपायाला जे काही सुनावलं ते माइक चालू असल्यामुळे सर्वांनी ऐकलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि संयमावरची पुढची पाटी लावली.

माणूस वाईट नव्हता आणि सांगत होता त्यात खरंही बरंच होतं. मूल पडलं, रडलं, घाबरलं तर त्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते सतत घाबरलेलं असूनही जवळ घेऊन ‘हे असं असं झालं’ म्हणणारं कोणी नसलं तर, असं एक वाक्य ते बोलले. अख्ख्या कार्यक्रमात घरी नेण्यासारखं तेवढं एक वाक्य होतं. नेमका तेव्हाच चहा आला. पेल्यांच्या किणकिणाटात ते वाक्य कोणालाच ऐकू गेलं नाही, आणि ‘हळू बोला’ हे मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत असल्यामुळे सगळ्यांनी पाठ केलं.

घरच्या भेटींसाठी एक तरुण बाई येऊ लागली. तिचा आवाज इतका पिंजलेला होता की भोंगाबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव कापूसबाई ठेवलं. तोंडावर ताई, पाठीमागे कापूसबाई. कापूसबाईच्या पिशवीत एक कापडी बाहुली, काही ठोकळे आणि सोनेरी चांदण्यांची पाकिटं असत. आजी जमिनीवर बसली की एक चांदणी. हळू बोलली की एक. मुलाने न सांगता काही केलं की दोन.

हळू बोलणं हे काय काम आहे हे ज्याने भोंगाबाईंना ते करताना पाहिलं त्यालाच कळेल. ‘बाळा, हे बघ, सफरचंद,’ असं म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की पोटात कळ आली असावी. मान आत, भुवया वर आणि शब्द घशाच्या तळातून विहिरीतलं पाणी उपसावं तसे. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरचा शिंपी जिना चढून वर आला.

“बरं आहे ना?” तो दारातून आत डोकावत म्हणाला. “आवाज नाही म्हणून आलो. घरची म्हणाली, जाऊन बघून या, आहेत की...”

“आहे,” भोंगाबाई कुजबुजल्या. “वर्ग करतेय.”

“कसला?”

“मेंदूचा.”

शिंपी चार पायऱ्या उतरला आणि पुन्हा वळून पाहू लागला.

तिसऱ्या भेटीत ती गोष्ट झाली. भोंगाबाई ठोकळ्यांचा मनोरा रचत कुजबुजत होत्या, कापूसबाई मान डोलावत होती, आणि भिंगरी उठली. दाराजवळच्या चपलांच्या मांडणीपाशी गेली, आपले बूट काढले, खाली बसून पायांत घातले, पट्ट्या चिकटवल्या आणि तिथेच दाराला पाठ लावून उभी राहिली.

“पाहिलंत?” कापूसबाईने छातीवर हात ठेवला. “कोणीही न सांगता. या वयात. डाव्या-उजव्याचीसुद्धा चूक नाही.”

दोन चांदण्या लागल्या. भिंगरीचा फोटो निघाला, तो मुख्य कार्यालयाला गेला, तिथून अभिनंदन आलं. शांत वातावरणात मुलाच्या ठायी स्वावलंबन कसं उमलतं याचं ते म्हणे उत्तम उदाहरण होतं.

आता यात भोंगाबाईंना शहाणं ठरवायचं कारण नाही. त्या फुगल्या. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून कोणी त्यांना शाबासकी दिली नव्हती, आणि इथे फ्रीजच्या दारावर सोनेरी चांदण्या वाढत चालल्या होत्या. जिन्यात भेटेल त्याला त्या खालच्या पट्टीत सांगू लागल्या, “नात माझी बूट स्वतः घालते. मी जितकी हळू बोलते तितक्या लवकर घालते.” जे खरं कारण होतं ते त्यांच्या तोंडातून रोज बाहेर पडत होतं आणि त्यांच्याच कानात शिरत नव्हतं.

भिंगरी बूट घालून जेवू लागली. बूट घालून झोपू लागली. बोटांच्या बेचक्यांत कातडी ओली होऊन सोलली, तिथे मलम लागलं आणि मलमावर पुन्हा मोजे-बूट चढले. ती आता गरगर फिरत नसे. आजी संडासात गेली तरी बाहेर उभी राही. सुनेला काळजी वाटली, तिने कापूसबाईला विचारलं. कापूसबाईने आपल्या वरिष्ठांना विचारलं. तिथून उत्तर आलं, की हा आत्मविश्वासाचा टप्पा आहे, अडवू नये.

नवरा-बायकोही वर्गाच्या प्रभावाखाली आले होते. घरात एकाच वेळी तीन माणसं कुजबुजत होती. बाहेरून कोणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, आतल्या खोलीत कोणीतरी शेवटच्या घटका मोजतंय.

परीक्षा शुक्रवारी होती. त्याच्या आदल्या दुपारी भोंगाबाई आणि नात जमिनीवर बसल्या होत्या. भोंगाबाई अगदी रेशमासारख्या आवाजात म्हणत होत्या, “आता आपण लाल ठोकळा ठेवू हं, मग निळा ठेवू.”

“आजी,” भिंगरी म्हणाली, “आपण कुठे जाणार?”

“कुठेच नाही बाळा.”

“मग तू अशी का बोलतेस?”

“कशी?”

“आई बोलली होती तशी. टॅक्सीच्या आधी.”

भोंगाबाईंच्या हातातला ठोकळा हातातच राहिला. गिरणीत खातं एकाएकी शांत झालं की बायका सगळ्यांत आधी आपापली बोटं मोजायच्या. वीज गेली नसेल, तर कोणाचा तरी हात यंत्रात सापडल्याशिवाय पट्टा असा मध्येच थांबत नसे. तेव्हा थांबायची तशी छाती आत्ता थांबली. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग बुटांकडे, मग फ्रीजवरच्या चांदण्यांकडे. सगळ्या चांदण्या एकदम तोंडावर थुंकल्यासारख्या झाल्या.

“नाही गं माझे बाई,” त्या त्यांच्या खऱ्या आवाजात म्हणाल्या, आणि खालच्या मजल्यावर शिंप्याचं यंत्र थांबलं. “कुठ्ठे जायचं नाही. कोण नेतंय बघतेच मी.”

भिंगरीने एक मोठा श्वास सोडला, ठोकळ्यांच्या मध्ये आडवी झाली आणि बुटांसकट झोपून गेली. कित्येक दिवसांत ती दुपारची झोपली नव्हती.

आता प्रश्न होता शुक्रवारचा. सुनेला सांगावं, तर ‘ओरडायला निमित्त शोधलंत’ असं ती म्हणणार, त्याच गोड आवाजात. शिवाय बोट तिच्यावरच रोखलं जाणार आणि टॅक्सी यायला वेळ लागत नाही. परीक्षेत ओरडावं, तर प्रमाणपत्र गेलं आणि पोरगीही गेली. भोंगाबाईंनी गिरणीतला हिशेब केला. मुकादम समोर असेपर्यंत मान खाली, वळला की आपलं राज्य. तासाभराचा तर प्रश्न. तासभर माणूस पोलिसाशीसुद्धा गोड बोलतो.

परीक्षक बाई आल्या. उंच, चष्मा गळ्यात लटकवलेल्या, आणि सगळ्या घराकडे दुकानातल्या मालासारखं बघणाऱ्या. मागे कापूसबाई वही घेऊन. आईवडील दोघांनीही हजर राहायचं होतं म्हणून रजा काढलेली, आणि रजेवरूनच सकाळपासून घरात गोडवा पसरलेला.

“आपण रजा काढलीत, फार उपकार झाले,” सून टेबल पुसता पुसता म्हणाली.

“उपकार कसले. आपल्याला अर्ध्याच दिवसाची मिळाली, तेव्हा कोणीतरी पूर्ण काढायलाच हवी,” नवरा म्हणाला.

परीक्षक बाईंनी ‘परस्परांशी आदरपूर्वक संवाद’ असं म्हणून कापूसबाईकडे पाहिलं. कापूसबाईने लिहिलं.

भोंगाबाई जमिनीवर बसल्या. मान आत, भुवया वर. “बाळा, ये. लाल ठोकळा कुठे आहे?” भिंगरीने त्यांच्याकडे असं पाहिलं की भोंगाबाईंना नजर वळवावी लागली. पोरीला काल शब्द दिला होता, आणि आज पुन्हा तोच आवाज.

भिंगरी उठली. बूट पायात होतेच. ती मांडणीपाशी गेली, वाकली आणि आजीच्या चपला घेऊन आली. त्या तिने आजीच्या पायांशी नीट जोडून ठेवल्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. मग आजीचं बोट धरलं आणि ओढलं.

“वा,” परीक्षक बाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या गरजेची जाणीव. हे नोंदवा. या वयात फार दुर्मीळ असतं.”

कापूसबाईने लिहायला पेन टेकवलं.

“खोडा ते,” भोंगाबाई म्हणाल्या.

खिडकीची काच वाजली. परीक्षक बाईंच्या गळ्यातला चष्मा उडाल्यासारखा झाला.

“आई, हळू,” सून म्हणाली. “प्लीज. आत्ता नको.”

“आत्ताच. पोरगी पळून जायच्या तयारीत आहे आणि तुम्ही जाणीव नोंदवताय. हळू बोललं की माणसं निघून जातात, हे शिकलीय ती या घरात. म्हणून बूट घालून बसते. आज मलाही बरोबर न्यायला निघालीय, म्हणजे या वेळी आजी तरी मागे राहायला नको. आणि मी गाढव, चांदण्या गोळा करत बसले.”

“आई, आपण हे नंतर शांतपणे...” मुलाने सुरुवात केली.

“आपण-बिपण माझ्यापुढे नाही. मी तुझ्या कंपनीचं गिऱ्हाईक नाही, आई आहे.”

सून गुडघ्यांवर बसली. मुलीच्या बुटाला हात लावत ती म्हणाली, “भिंगरी, काढूया ना बूट? काही होणार नाही हं, जरासुद्धा...” आणि थांबली. तिचा हात पट्टीवर तसाच राहिला. दिवसभरात किती लोकांना ती हे वाक्य म्हणते आणि त्यानंतर काय करते ते तिला एकदम ऐकू आलं असावं. भिंगरीने पाय मागे ओढून घेतला.

मग बोलली ती कापूसबाई, आणि तिचा आवाज या वेळी चक्क माणसासारखा होता.

“तिला खरं काय ते सांगा. काय चाललंय आणि पुढे काय होणार, एवढंच. खरं म्हणजे कार्यक्रमात शिकवायचं तेच होतं.” तिने वही मिटली. “मीच बुटाचे फोटो काढत बसले.”

परीक्षक बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कापूसबाईची पुढची बढती विरून गेली.

सून तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली. “बाबा आणि मी भांडलोय,” ती मुलीला म्हणाली. “सकाळी. रजेवरून.”

“कोण जाणार?” भिंगरीने विचारलं.

‘कोणी नाही’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? सुनेला लागला. ती नवऱ्याकडे पाहत राहिली, आणि भोंगाबाईंना त्या क्षणी कळलं की हिचं अजून ठरलेलं नाही. आत कुठेतरी टॅक्सी अजून उभी आहे. त्यांच्या जिभेवर चांगलं पल्लेदार वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलंच गिळलेलं वाक्य, आणि ते कुठल्याही वर्गात शिकवलेलं नव्हतं.

“आज कोणी जाणार नाही,” सून शेवटी म्हणाली. “उद्याही नाही. कधी जायचं झालंच तर तुला आधी सांगेन. कुठे जातोय ते, परत कधी येणार ते. आणि आजीसमोर सांगेन.”

“मोठ्याने?”

“मोठ्याने.”

“म्हणजे अजून जायचा विचार आहे तुझा?” नवरा म्हणाला. तुझा म्हणाला. भोंगाबाईंनी कान टवकारले.

“मग काय करू? वर्षभर माझ्याशी ऑफिसातून बोलल्यासारखा बोलतोस.”

“आणि तू? तू तर मला पेशंटच समजतेस.”

आवाज चढले. त्या दोघांचेही आवाज चढू शकतात हे घराला आजच कळलं. मोठ्याने भांडलं की मुलं सुखी होतात असा अर्थ यातून कोणी काढू नये. मूल भांडणाच्या मधोमध बसवायची वस्तू नव्हे, आणि भिंगरीचे कानही लाल झालेच होते. भोंगाबाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि तिच्या कानाशी, त्यांच्या मानाने बेताने म्हणाल्या, “रजेवरून चाललंय. दोघांनाही रजा मिळत नाही, साहेब खडूस आहेत. थांबेल थोड्या वेळाने. आपण ग्लासभर दूध पिऊ.” आणि स्वयंपाकघरात जाता जाता त्यांनी दार उघडंच ठेवलं.

परीक्षक बाईंनी निकाल तिथेच देऊन टाकला. घरातली आवाजाची पातळी कार्यक्रमाच्या निकषांत बसत नाही, प्रमाणपत्र देता येणार नाही, हवं तर पुढच्या वर्षी पुन्हा वर्गाला बसा. एवढं बोलून त्या जिन्याला लागल्या. कापूसबाई मागे रेंगाळली, बाहुली पिशवीत कोंबत.

“मुलीला पाळणाघरात...” तिने चाचरत सुनेला विचारलं.

“नाही,” सून म्हणाली. तिचा आवाज बसला होता. सवय नसली की बसतो. “इथेच राहील.” मग सासूकडे वळून म्हणाली, “पण आई, शेजारचं तान्हं बाळ तुमच्या आवाजाने खरंच दचकून उठतं. ते मी उगीच नव्हते म्हणत.”

भोंगाबाई यावर खूप काही बोलू शकल्या असत्या. पण बाळ उठतं ही गोष्ट खरी होती. “दुपारी खिडकी लावून बोलेन,” त्या म्हणाल्या.

बूट लगेच सुटले असं झालं नाही. ते कथांमध्ये सुटतात. काही दिवस भिंगरी एकच बूट घालून हिंडत होती. नवरा-बायकोचं काय ठरलं ते अजून तरी ठरलेलं नाही. मात्र स्वयंपाकघराचं दार लावून नळ सोडायची पद्धत बंद झाली आहे, आणि सून संध्याकाळी उशीर होणार असला की मुलीला फोन करून स्वतः सांगते.

भोंगाबाईंनी आपल्यापुरती एक रीत पाडली. खाली दुकानात जायचं असलं की पूर्वी त्या पोरीला शेजारणीकडे बसवून गुपचूप सटकायच्या, रडारड नको म्हणून. आताही ती शेजारणीपाशीच असते, पण त्या दारातच जाहीर करतात, पाव आणायला चालले, आणि मग जिना उतरताना बोलतच राहतात.

“दुसऱ्या मजल्यावर आले गं.”

“ओ,” वरून उत्तर येतं.

“शिंप्याच्या दारात आहे. त्याने आज निळं कापड काढलंय.”

“कसलं निळं?”

“तुझ्या ठोकळ्यासारखं. आता खाली पोचले.”

“ओ.”

दुकानदाराला पाव किती हवेत ते सांगावं लागत नाही, त्याने आधीच ऐकलेलं असतं. शिंपी आपलं यंत्र चालूच ठेवतो. शेजारचं बाळ कधी उठतं, कधी उठत नाही. आणि जिना पुन्हा चढताना दम लागून भोंगाबाई मध्ये क्षणभर गप्प झाल्या, की तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्याच घडणीचा एक आवाज सगळ्या इमारतीला ऐकू येईल असा खाली येतो, “आजी, कुठपर्यंत आलीस?”